बेर्नाल दियास देल कास्तियो

बेर्नाल दियास देल कास्तियो (जन्म: इ.स. १४९६ च्या सुमारास, मेदिना देल काम्पो, स्पेन, मृत्यू: इ.स. १५८४, ग्वातेमाला) हा मेक्सिकोवरील स्पॅनिश स्वारीत लढलेला सैनिक व त्या स्वारीचा वृत्तांतकार होता. आरंभीचे स्पॅनिश आक्रमक प्रत्यक्षात कोणती शस्त्रे व चिलखते वापरीत, याची पुष्कळशी माहिती त्याच्याच ग्रंथातून मिळते.

जीवन

बेर्नाल इ.स. १५१४ मध्ये अमेरिकेत आला. १५१७ च्या युकातान मोहिमेत चांपोतोन येथे माया योद्ध्यांनी पन्नासहून अधिक स्पॅनिश सैनिक मारले. बेर्नालला तीन बाण लागले. त्यांपैकी डाव्या कुशीतील जखम गंभीर होती. १५१९ मध्ये तो एर्नान कोर्तेसच्या सैन्याबरोबर मेक्सिकोत उतरला.

शस्त्रे व चिलखत

चित्रांत हे सैनिक नखशिखांत पोलादात मढलेले आणि उंच तुऱ्याचे मोरियन शिरस्त्राण घातलेले दिसतात. हे चित्र कालविपर्यस्त आहे. तसले शिरस्त्राण सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रूढ झाले. कोर्तेसच्या बहुतेक सैनिकांनी आपली शस्त्रे स्वतःच्या किंवा उसन्या पैशाने घेतलेली असल्याने त्यांत एकसारखेपणा नव्हता. बेर्नालने दिलेल्या आकड्यांनुसार ५०८ सैनिकांत क्रॉसबोधारी ३२ आणि बंदूकधारी अवघे १३ होते; घोडे १६ होते. बाकीच्यांची भिस्त तलवार, ढाल आणि भाल्यावर होती.

क्यूबात कापूस मुबलक होता. निघण्यापूर्वी हवाना येथे सैनिकांनी कापूस भरून जाड टाके घातलेले अंगरखे शिवून घेतले. बाण, भालाफेक व गोफणीचे दगड यांपासून ते चांगले रक्षण करीत. ॲझ्टेक योद्धेही असेच अंगरखे वापरीत, हे येथे विसरता कामा नये. त्यांच्या लाकडी शस्त्राच्या कडांना ऑब्सिडियन या ज्वालामुखीजन्य काचेची पाती बसवलेली असत. त्लास्कालाच्या लढाईत अशाच शस्त्राने एका घोडीची मान तोडली गेली. पुढे १५२० मध्ये नार्वाएस या स्पॅनिश सरदाराच्या घोडदळाशी गाठ पडणार हे कळताच कोर्तेसने चिनांतेक लोकांच्या लांब भाल्यांना तांब्याची टोके बसवून घेतली. लोखंडाच्या बळावर मेक्सिको जिंकला, हे विधान म्हणूनच अपुरे आहे. हजारो त्लास्काला योद्ध्यांच्या साहाय्याशिवाय १३ ऑगस्ट १५२१ रोजी तेनोच्तित्लान पडले नसते.

उत्तरायुष्य व लेखन

वेढ्याच्या आधीच्या एका चकमकीत बेर्नालच्या गळ्याला भाला लागला होता. त्यातून तो बचावला. नंतर ग्वातेमालात त्याला गावे व तेथील मूलनिवासींकडून खंडणी आणि श्रम घेण्याचा हक्क मिळाला. तो नगरपालिकेचा सदस्यही झाला. रात्रंदिवस शस्त्रे अंगावर ठेवण्याची सवय मोहिमेत एवढी जडली, की म्हातारपणीही तो कपड्यांनिशी व अंथरुणाविना झोपत असे.

गोमारा हा अमेरिकेत कधीही न गेलेला लेखक. त्याने १५५२ मध्ये छापलेल्या इतिहासात सारे श्रेय कोर्तेसला दिले होते. सामान्य सैनिकांचा वाटा नोंदवावा म्हणून बेर्नालने आपला वृत्तांत नेटाने पुरा केला आणि १५७५ मध्ये त्याची प्रत स्पेनला धाडली. तो माद्रिद येथे १६३२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ४८ वर्षांनी छापला गेला.