विजेचा हिशेब बदलणारे सॅम्युअल इन्सुल



घरी विजेचे बिल आले की आपण किती युनिट जळले ते पाहतो. पण कारखाना, दवाखाना यांसारख्या मोठ्या जोडणीच्या बिलात आणखी एक आकडा असतो, तो म्हणजे महत्तम मागणी. हा हिशेब अमेरिकेत रुजविणाऱ्या सॅम्युअल इन्सुल यांचे जीवन आपण जाणून घेऊ या.

इन्सुल यांचा जन्म 1859 साली लंडन येथे एका सामान्य कुटुंबात झाला. 1881 मध्ये ते अमेरिकेत जाऊन थॉमस एडिसन यांचे सचिव झाले. पुढे 1892 मध्ये शिकागो एडिसन या लहानशा वीज कंपनीचे ते अध्यक्ष झाले.

त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न होता. समजा, एक ग्राहक 10 किलोवॅटचा भार 10 तास चालवतो आणि दुसरा 100 किलोवॅटचा भार फक्त 1 तास. दोघांचेही युनिट 100 च होतात. परंतु दुसऱ्यासाठी दसपट मोठे यंत्र उभारावे लागते आणि ते उरलेला वेळ रिकामे राहते. मग दोघांना सारखेच बिल कसे द्यावे?

याचे उत्तर त्यांना 1894 मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन शहरात मिळाले. तेथील अभियंता आर्थर राइट यांनी मागणी दाखविणारे यंत्र केले होते. विजेच्या प्रवाहाने त्यातील हवा तापून फुगे आणि द्रव दुसऱ्या नळीत सांडे. सांडलेला द्रव आपोआप परत येत नसल्याने सर्वांत मोठा भार नोंदलेला राही. हवा तापण्यास काही मिनिटे लागत, म्हणून क्षणभराचा झटका मोजला जात नसे.

आजचे मीटर हेच काम गणिताने करते. वेळेचे 15 किंवा 30 मिनिटांचे भाग पाडून प्रत्येक भागातील युनिटला तासांनी भागते. अर्ध्या तासात 7.5 युनिट जळले तर 7.5 भागिले 0.5, म्हणजे 15 किलोवॅट ही सरासरी मागणी झाली. महिन्यातील अशी सर्वांत मोठी सरासरी बिलात येते.

इन्सुल यांनी ट्राम, कारखाने आणि घरे अशा वेगवेगळ्या वेळी वीज घेणाऱ्यांना एकाच केंद्राशी जोडले. यंत्रे दिवसभर कामात राहिली, दर उतरले आणि वीज सामान्य घरांत पोहोचली. 1903 मध्ये त्यांनी फिस्क स्ट्रीट केंद्रात 5,000 किलोवॅटचे वाफेचे टर्बाइन बसविले.

पुढे मात्र त्यांनी कर्ज काढून कंपनीवर कंपनी उभारली. 1929 च्या मंदीनंतर हा डोलारा हलला आणि 1932 मध्ये कोसळला. हजारो लहान गुंतवणूकदारांची आयुष्याची पुंजी बुडाली. इन्सुल युरोपात निघून गेले. 1934 मध्ये त्यांना परत आणून खटला चालविण्यात आला. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, पण गेलेली प्रतिष्ठा परत आली नाही. 1938 मध्ये पॅरिसच्या भुयारी रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, ग्राहकांचा भार अचूक मोजणाऱ्या या माणसाने स्वतःच्या कर्जाचा भार मात्र मोजला नाही. त्यांचे यश आणि त्यांची चूक, दोन्ही लक्षात ठेवा. आणि हो, वर्षभराचा अभ्यास परीक्षेच्या आदल्या रात्रीवर ठेवणेही महागच पडते!