वसईचे संत गोन्सालो गार्सिया

ज्युबिलीच्या या पुस्तिकेत आपल्या देवळाचा इतिहास इतरत्र आलाच आहे. आम्ही येथे एका संताचे अल्पचरित्र सादर करीत आहोत. नागपूर धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला. या भागात धर्मकार्याचा पाया घालणारे मिशनरी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाचे, दूर साव्हॉय प्रांतातून आलेले. म्हणून त्या संताचे नाव आपल्या लेकरांच्या तोंडी बसले आहे, व ते योग्यच झाले. परंतु महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया नागपूरकरांस तितके परिचित नाहीत.

त्यांची निवड करण्यास दुसरेही एक कारण आहे. धर्मगुरूच्या दारी जी गाऱ्हाणी येतात, त्यांपैकी बरीचशी परक्यांच्या जुलमाची नसतात. आपल्याच माणसांनी, क्वचित देवळातील मंडळींनीच, केलेल्या अन्यायाची ती असतात. आणि असे गाऱ्हाणे मनात धरून कित्येक भला माणूस हळूहळू मिस्सेस येणे सोडतो. अशा दुखावलेल्या बंधुभगिनींनी हे चरित्र अवश्य वाचावे.

गोन्सालो यांचा जन्म सुमारे १५५६ साली वसई येथे झाला. वसई त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज, मातोश्री याच मुलखातील. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंची शाळा होती. तेथे फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांच्या देखरेखीखाली मुलाचे शिक्षण झाले. पंधरा-सोळा वर्षांचे असतानाच ते येशूसंघीयांबरोबर जपानास गेले. जपानी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की, लोक त्यांचा उपदेश आवडीने ऐकत. सुमारे आठ वर्षे त्यांनी उपदेशकाचे काम केले.

या सर्व काळात त्यांच्या मनात एकच इच्छा होती: आपणास येशूसंघात घ्यावे. त्यांनी ती वारंवार बोलून दाखविली, आणि दर वेळी नकार मिळाला. हिंदुस्थानात जन्मलेल्या व मिश्र रक्ताच्या तरुणांस संघात घेण्यास त्या काळचे वरिष्ठ नाखूष असत, ही इतिहासात नमूद असलेली गोष्ट आहे; गोन्सालो यांच्याही आड त्यांचा जन्मच आला, असे मानण्यास आम्हांस जागा दिसते. त्या वरिष्ठांनी जपानात मोठे कार्य केले हे खरे. तरी हा न्याय नव्हता, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. ज्याची जीभ चालते, ज्याची सेवा चालते, त्याने मात्र उंबरठ्याबाहेर उभे राहावे, हे दुःख लहान नव्हे.

गोन्सालो यांनी ते काम सोडले व व्यापार सुरू केला. भाषा येत होती, ओळखी होत्या. व्यापाराचा जम उत्तम बसला. येथेच त्यांची खरी परीक्षा होती. पैसा हाती आला म्हणजे जुने दुखणे विसरण्यास, आणि त्याबरोबर देवासही विसरण्यास, माणसास फारसा वेळ लागत नाही. त्यांचे तसे झाले नाही. व्यापारानिमित्त फिलिपाइन्स बेटांतील मनिला येथे गेले असता तेथील फ्रान्सिस्कन बंधूंशी त्यांचा स्नेह जमला. भरलेली वखार सोडून ते साध्या ब्रदरच्या पदावर त्या संघात दाखल झाले. माणसांनी एक दार लावले, ते देवाने लावले असे त्यांनी मानले नाही.

इ. स. १५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सर्वाधिकारी हिदेयोशी याजकडे फादर पेद्रो बाउतिस्ता यांस वकील म्हणून पाठविले. दुभाषा म्हणून ब्रदर गोन्सालो यांची निवड झाली. हिदेयोशीने मिशनऱ्यांस देशाबाहेर घालविण्याचा हुकूम १५८७ सालीच काढला होता. तरी त्याने या मंडळीस राहू दिले. क्योटो येथे त्यांनी मठ बांधला व महारोग्यांसाठी रुग्णालय उघडले. ज्यांस आप्तही शिवत नसत, त्यांच्या जखमा हे बंधू धूत. पण सुख तेथेही नव्हते. पोपमहाराजांनी १५८५ साली जपानचे धर्मकार्य एकट्या येशूसंघाकडे सोपविले होते. म्हणून या नव्या मंडळीचे येणेच गैर, असा वाद पेटला. ज्यांनी पूर्वी घरात घेतले नाही, त्यांचेच आक्षेप गोन्सालो यांच्या वाट्यास पुन्हा आले.

१५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. त्यावरील मालाच्या जप्तीवरून तंटा वाढला आणि हिदेयोशीचा संशय मिशनऱ्यांवर गेला. दोष कोणाचा, शिक्षा कोणास! डिसेंबरात धरपकड झाली. १५९७ च्या जानेवारीत क्योटो येथे कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली, गाड्यांवरून त्यांची धिंड काढण्यात आली, आणि कडाक्याच्या थंडीत सुमारे महिनाभर त्यांस नागासाकीपर्यंत नेण्यात आले. वाटेत आणखी दोघे सामील होऊन संख्या सव्वीस झाली: सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्यांतील लुईस हा बालक अवघ्या बारा वर्षांचा होता.

५ फेब्रुवारी १५९७ ची सकाळ. त्या तीन येशूसंघीयांपैकी संत पॉल मिकी हे संघाचे जुने सभासद. परंतु जॉन गोतो व जेम्स किसाई या दोघांस संघाची व्रते त्याच सकाळी देण्यात आली. आमचे लक्ष या ठिकाणी थोडे थबकते. जी कृपा गोन्सालो यांनी वर्षानुवर्षे मागितली व ज्यांस मिळाली नाही, ती त्या सकाळी त्यांच्याच सोबत्यांस मिळत होती. त्यानंतर सर्वांसाठी क्रूस एकसारखेच होते. त्या टेकडीवर खिळे नव्हते. लोखंडी कड्या व दोर होते, आणि शेवटी भाले. सव्वीस जणांत प्रथम गोन्सालो यांस क्रूसावर बांधले, असे सांगतात.

१६२७ साली त्यांस धन्यवादित घोषित करण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांस संतपद दिले. गोन्सालो हे भारतभूमीत जन्मलेले पहिले संत होत. भारतात त्यांचा सण ६ फेब्रुवारीस पाळतात. वसईजवळील गास गावी त्यांच्या नावाचे देऊळ आहे. मुंबईस जाणाऱ्या आमच्या वाचकांनी एकदा वाट वाकडी करून तेथे जावे.

जपानात मात्र सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्मावर पूर्ण बंदी आली, धर्मगुरू मारले किंवा घालविले गेले, आणि पुढे कोणी ख्रिस्ती उरलाच नसावा असे जग समजू लागले. संतपद जाहीर झाल्यावर नागासाकी येथे ओउरा भागात या सव्वीस रक्तसाक्षींच्या नावे देऊळ बांधले गेले. १८६५ च्या मार्च महिन्यात उराकामी खेड्यातील काही गरीब माणसे भीत भीत त्या देवळात आली. पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, अशी त्यांतील एका स्त्रीने फ्रेंच धर्मगुरूंजवळ हळूच चौकशी केली. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूवाचून, देवळावाचून, या लोकांच्या वडिलांनी आपल्या मुलांस घरातच बाप्तिस्मा दिला होता.