सूर्यडागांचा अभ्यासक जॉन एव्हरशेड

तोरामध्ये चौथ्या दिवशी निर्माण झालेल्या ज्या मोठ्या ज्योतीचा उल्लेख आहे, तिच्या अंगावर काळे डाग असतात, ही गोष्ट दुर्बिणीच्या शोधाच्याही आधीपासून माणसाला ठाऊक आहे. या डागांत नेमके काय चालते, याचा एक महत्त्वाचा धागा हिंदुस्थानातील कोडाईकनालच्या डोंगरावर सापडला. तो शोधणारे जॉन एव्हरशेड कोणत्याही विद्यापीठाचे प्रोफेसर नव्हते.

त्यांचा जन्म १८६४ साली इंग्लंडमधील सरे परगण्यात गोमशाल या गावी झाला. तरुणपणी ते लंडनला एका पेढीत रासायनिक पृथक्करणाचे काम करीत, आणि त्यातून उरलेला वेळ सूर्याला देत. १८९० च्या सुमारास केन्ली येथे त्यांनी स्वतःची लहानशी वेधशाळा उभारली. सूर्यप्रकाशाचे सात रंग अलग करून त्यातील बारीक रेषा वाचण्याची विद्या त्यांनी बहुतांशी स्वतःच्या हाताने मिळविली.

आपल्या मराठी मुलखाशी त्यांचा संबंध १८९८ साली आला. त्या वर्षी २२ जानेवारीला खग्रास सूर्यग्रहण होते. त्यासाठी आलेल्या इंग्रज निरीक्षकांच्या तुकडीबरोबर एव्हरशेड वऱ्हाडातील तळणी येथे उतरले. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजातील पारशी प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी आपला तळ जेऊर येथे ठोकला होता. ग्रहणाच्या काही क्षणांत एव्हरशेड यांनी सूर्याच्या कडेच्या प्रकाशाचे जे फोटो घेतले, त्यांत हायड्रोजन वायूचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाशपट्टा उमटला.

१९०६ साली मेरी ऑर या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. त्याही खगोलशास्त्राच्या अभ्यासक होत्या. अमेरिका व जपानमार्गे प्रवास करीत हे जोडपे १९०७ साली कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेत दाखल झाले. एव्हरशेड तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते.

१९०८ साली अमेरिकेत जॉर्ज हेल यांनी सूर्यडागांत प्रबळ चुंबकशक्ती असल्याचे सिद्ध केले. डाग म्हणजे वायूचा गरगर फिरणारा भोवरा असावा, अशी त्यांची कल्पना होती. एव्हरशेड याच भोवऱ्याचा पुरावा शोधू लागले. त्यासाठी लागणारा नियम रेल्वेच्या स्टेशनावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गाडी जवळ येताना शिट्टी चढी लागते व दूर जाताना उतरती. तसेच आपल्याकडे येणाऱ्या वायूच्या रेषा वर्णपटात निळ्या बाजूस सरकतात व दूर जाणाऱ्याच्या तांबड्या बाजूस.

१९०९ च्या जानेवारीत, जोरदार पावसानंतर आकाश निवळले असताना, त्यांनी मोठ्या डागांचे फोटो घेतले. काचा तपासल्या तेव्हा भोवऱ्याचा माग लागला नाही. डागाच्या फिकट कडेत वायू आतून बाहेर, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे, सेकंदाला सुमारे २ किलोमीटर वेगाने वाहत होता. एवढ्या थोर शास्त्रज्ञाच्या कल्पनेशी हे जुळत नव्हते, आणि स्वतः एव्हरशेड यांच्या अपेक्षेशीही नाही. तरी त्यांनी काचेवर जे दिसले तेच छापले. आज या प्रवाहाला जगभर एव्हरशेड परिणाम म्हणतात. चुंबकशक्ती व उकळता वायू यांच्या ओढाताणीतून तो उपजतो, हे उलगडायला पुढे अनेक दशके जावी लागली.

१९११ साली ते वेधशाळेचे प्रमुख झाले. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ साली पुण्याची वेधशाळा बंद पडली आणि तेथील मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली.

आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतानुसार सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याच्या प्रकाशातील सर्व रेषा किंचित तांबड्या बाजूस सरकल्या पाहिजेत. हा फरक फारच सूक्ष्म, सेकंदाला ०.६ किलोमीटर वेगाइतका. एव्हरशेड यांची पहिली मोजमापे सिद्धांताशी जुळेनात, आणि तसे त्यांनी स्पष्ट लिहिले. सूर्यावर वर येणारा तप्त वायू हा फरक काही अंशी झाकतो, हे आज आपल्याला कळते. पुढे वर्षानुवर्षे मोजणी करून त्यांनी अखेर आइन्स्टाइन यांच्या बाजूने कौल दिला. १९२२ साली ग्रहणात याच सिद्धांताची दुसरी कसोटी पाहण्यासाठी ते ऑस्ट्रेलियात वॉलल येथे गेले. पण उपकरणांनी दगा दिला व हात रिकामेच राहिले.

१९१५ साली रॉयल सोसायटीचे सभासदत्व व १९१८ साली रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. १९२३ साली निवृत्त होऊन ते मायदेशी परतले. पण स्वस्थ बसले नाहीत. युहर्स्ट येथे पुन्हा घरची वेधशाळा बांधून नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत ते सूर्याचे वेध घेत राहिले. १९५६ साली, ब्याण्णव वर्षांचे असताना, त्यांचे निधन झाले.

कोडाईकनालला शंभर वर्षांहून अधिक काळ घेतलेले सूर्याचे फोटो आता संगणकात उतरविले आहेत, आणि आजचे संशोधक त्यांवर काम करतात. आपल्या नातवंडांपैकी जी विज्ञान शिकत आहेत, त्यांना एव्हरशेड यांची ही गोष्ट जरूर सांगावी. मोठ्यांचे मत आदराने ऐकावे, आपली अपेक्षाही मनात बाळगावी. पण वहीत मात्र जे डोळ्यांनी दिसले तेच लिहावे.