इंटरनेटला वाट दाखवणारा गणिती

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, प्रॉस्पेक्ट पार्कजवळच्या बर्गन स्ट्रीटवर बेलमन दांपत्याचे छोटेसे किराणा दुकान होते. त्यांच्या घरी २६ ऑगस्ट १९२० रोजी रिचर्डचा जन्म झाला. ब्रुकलिन कॉलेजातून १९४१ मध्ये पदवी, मग विस्कॉन्सिनमधून एम.ए., आणि तेवढ्यात युद्ध. लष्कराने या तरुण गणितज्ञाला लॉस अलामॉसला, अणुबॉम्बच्या प्रकल्पावर धाडले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये प्रिन्स्टनची डॉक्टरेट मिळाली. पुढे स्टॅनफर्डची प्राध्यापकी सोडून १९५२ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या रँड या संशोधन संस्थेत कायमचे दाखल झाले.

तिथे बेलमन यांनी एक साधे सूत्र पक्के धरले. निर्णय एकामागून एक घ्यायचे असतील, तर इथवर कसे आलो याचा हिशेब सोडून द्यावा. आता जिथे आहोत तिथून पुढची वाट सर्वोत्तम असली पाहिजे. या पद्धतीला त्यांनी ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग’ असे भारदस्त नाव दिले. संरक्षणमंत्री विल्सन यांना ‘संशोधन’ या शब्दाचेच वावडे होते, म्हणून गणित लपवायला हे नाव शोधले, अशी आठवण बेलमन यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. मात्र विल्सन मंत्री झाले १९५३ मध्ये आणि हे नाव त्याआधीच छापून आले होते, तेव्हा गोष्ट जरा हात राखूनच घ्यावी.

१९५८ मध्ये त्यांनी वाट शोधण्याच्या प्रश्नावर एक छोटा निबंध लिहिला. अनेक शहरे रस्त्यांनी जोडलेली आहेत. रस्ते बरेवाईट, वाहतूक कमीजास्त, त्यामुळे वेळ अंतराच्या प्रमाणात लागत नाही. मग कमीत कमी वेळाची वाट कोणती? पुणेकराला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. स्वारगेटहून शिवाजीनगरला पेठांमधून शिवाजी रस्त्याने जावे, की टिळक रस्त्याने डेक्कनवरून? बेलमन यांच्या रीतीत अख्ख्या शहराचा नकाशा कुणाजवळच लागत नाही. प्रत्येक चौकाने शेजारच्या चौकांना एवढेच विचारायचे: तुझ्यापासून किती मिनिटे? समजा डेक्कनने पंधरा सांगितली आणि शनिवारवाड्याने दहा. स्वारगेटने आपल्यापासून त्यांच्यापर्यंतचा वेळ त्यात मिळवायचा आणि लहान बेरीज ठेवायची. सगळे चौक हेच पुन्हा पुन्हा करत राहिले, की काही फेऱ्यांत प्रत्येकाला योग्य दिशा कळते. रँडमधल्याच लेस्टर फोर्ड यांनी १९५६ मध्ये अशीच रीत मांडली होती, म्हणून तिला बेलमन-फोर्ड म्हणतात.

चौकाच्या जागी राउटर ठेवला की हेच इंटरनेट. १९६९ मध्ये सुरू झालेल्या अर्पानेटमध्ये यंत्रे शेजारच्या यंत्रांशी अशीच अंतरे वाटून घेत. आज एखाद्या मोठ्या रुग्णालयात दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइन असतात आणि प्रत्येकीवर एक राउटर. एमआरआयची चित्रे बाहेरच्या तज्ज्ञाकडे जायची असतात, त्यामुळे एकाच लाइनवर भिस्त ठेवून चालत नाही. आतल्या राउटरला दोन्हींकडून सारखेच अंतर कळले, तर तो दोन्ही वाटा यादीत ठेवतो आणि भार वाटून देतो. मात्र एकाच चित्राचे तुकडे सहसा दोन वाटांनी पाठवत नाहीत. ते मागेपुढे पोहोचले तर खोळंबा होतो. म्हणून एक संवाद एका वाटेने, दुसरा दुसऱ्या वाटेने. एक लाइन पडली, की तिचे अंतर यादीतून जाते आणि सारा भार उरलेल्या वाटेवर येतो. कुणी इंजिनिअर जागा असायची गरज नाही.

हे दिसते तितके सरळ नाही. चांगली बातमी या यंत्रांत झपाट्याने पसरते, वाईट रेंगाळते. तुटलेल्या वाटेची शिळी अंतरे राउटर एकमेकांना सांगत राहतात आणि आकडा उगाच वाढत जातो. त्यावर आरआयपी या जुन्या नियमावलीने साधी तोड काढली: अंतर सोळा झाले की वाट नाही असे समजा. दुसरी अडचण गर्दीची. गर्दी हेच अंतर मानले, तर सगळे मोकळ्या वाटेकडे धावतात, ती तुंबते, मग सगळे परत फिरतात. अर्पानेटने १९७९ मध्ये पद्धत बदलली. तेव्हापासून प्रत्येक यंत्र अख्खा नकाशा ठेवून डच गणिती डाइकस्ट्रा यांच्या रीतीने वाट काढू लागले.

बेलमन मात्र तोवर दुसऱ्याच वाटेला लागले होते. शिरेतून दिलेले कर्करोगाचे औषध रक्तातून अवयवांत कसे पसरते, याचे गणित त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६० मध्येच मांडले होते. १९६५ पासून सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ते गणित, विद्युत अभियांत्रिकी आणि वैद्यक या तिन्ही विषयांचे प्राध्यापक होते. दोन विषाणूंचे जनुकक्रम अक्षराअक्षराने जुळवून पाहण्याच्या पद्धतीही त्यांच्या डायनॅमिक प्रोग्रॅमिंगवरच उभ्या आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २०२० मध्ये केरळमधल्या पहिल्या रुग्णांच्या करोना विषाणूचा जनुकक्रम वाचला, तो इतर देशांतल्या क्रमांशी ताडायलाही अशीच जुळवणी लागते.

१९७३ मध्ये बेलमन यांच्या मेंदूत गाठ निघाली. शस्त्रक्रियेने ती काढली, पण गुंतागुंत झाली आणि जबर अपंगत्व आले. तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. त्यानंतरच्या अकरा वर्षांत त्यांचे शंभराहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. १९७९ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने त्यांना आपले सर्वोच्च पदक दिले. वैद्यकातल्या गणिती पद्धतींवरचे पुस्तक १९८३ मध्ये आले. १९ मार्च १९८४ रोजी ते गेले आणि त्याच वर्षी आत्मचरित्र निघाले. आरआयपीची नियमावली प्रमाण म्हणून छापून आली ती आणखी चार वर्षांनी, १९८८ मध्ये, आणि तिच्यात त्यांचे नाव होते.