नवऱ्याने तीन मुलं पळवली आणि कायदा त्याच्याच बाजूने होता, मग या लेखिकेने कायदाच बदलायला लावला

साल १८३६. लंडनमधली एक बाई बहिणीकडून घरी परत येते आणि बघते तर काय, घरात तिची तिन्ही मुलं नाहीत. नवऱ्याने ती परस्पर दुसरीकडे पाठवून दिलीत. थोरला सहा-सात वर्षांचा, धाकटा तर जेमतेम अडीचचा.

ती वकिलांना गाठते. वकील सांगतात, बाई, यात बेकायदा काहीच झालेलं नाही.

या बाईचं नाव कॅरोलाईन नॉर्टन.

कॅरोलाईनचा जन्म १८०८ चा, लंडनचा. आजोबा रिचर्ड शेरिडन, म्हणजे इंग्लंडचे गाजलेले नाटककार आणि खासदार. पण वडील लवकर गेले आणि घरात पैसा उरला नाही. हुंड्याची सोय नव्हती, त्यामुळे जे स्थळ आलं ते स्वीकारावं लागलं. १८२७ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी तिचं लग्न जॉर्ज नॉर्टनशी झालं. जॉर्ज वकील होता, खासदारही होता. पण वकिली चालत नव्हती आणि हात मात्र चालायचा. लग्न झाल्यापासूनच मारहाण सुरू झाली.

घर चालवायला कॅरोलाईन लिहायला लागली. १८२९ मध्ये तिचा पहिला कवितासंग्रह आला आणि तो खपला. मग मासिकांचं संपादन, कथा, कादंबऱ्या असं सगळं सुरू झालं. घरी बड्या लोकांची ऊठबस असायची. त्यातच होते लॉर्ड मेलबर्न, जे पुढे पंतप्रधान झाले. त्यांच्या ओळखीने कॅरोलाईनने नवऱ्याला मॅजिस्ट्रेटची नोकरीही मिळवून दिली.

पुढे याच मैत्रीचं नवऱ्याने हत्यार केलं.

मुलं पळवल्यावर काही महिन्यांतच जॉर्जने थेट पंतप्रधानांवर दावा ठोकला. माझ्या बायकोशी तुमचे संबंध आहेत, १० हजार पौंड नुकसानभरपाई द्या, असा तो दावा. जून १८३६ मध्ये खटला उभा राहिला. कोर्टात तेव्हा वार्ताहर म्हणून तरुण चार्ल्स डिकन्स बसला होता.

आता यातली खरी गोम बघा. हा खटला दोन पुरुषांमधला होता. ज्या बाईच्या अब्रूवर तो चालला होता, तिला साक्ष द्यायचा हक्कच नव्हता. ज्युरी जागेवरून उठलीसुद्धा नाही, तिथल्या तिथे मेलबर्न निर्दोष सुटले.

मेलबर्न पंतप्रधान राहिले. कॅरोलाईनची मुलं मात्र परत आली नाहीत.

कारण इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र अस्तित्वच नव्हतं. मुलं बापाची. तिची कमाई, पुस्तकांचे पैसे, अंगावरचे कपडे, सगळं नवऱ्याचं. त्यात खटला हरल्यामुळे जॉर्जला घटस्फोट मिळेना आणि कॅरोलाईनला तर तो मागायचीही सोय नव्हती.

तिच्याकडे एकच गोष्ट उरली होती, लेखणी. तिने आईच्या हक्कावर पत्रकं लिहिली आणि खासदारांमध्ये वाटली. त्यातलं एक तर पुरुषाच्या नावाने काढलं, कारण कायद्यावर बाई बोलतेय म्हटल्यावर कोण वाचणार? थॉमस टॅलफोर्ड या खासदाराने तिच्या बाजूने विधेयक मांडलं. १८३८ मध्ये ते कॉमन्समध्ये पास झालं, पण लॉर्ड्सनी फेटाळलं. विरोधकांनी तिच्या चारित्र्यावर यथेच्छ चिखलफेक केली. ती मागे हटली नाही.

१८३९ मध्ये कायदा झाला. सात वर्षांपर्यंतच्या मुलांचा ताबा आणि त्याहून मोठ्या मुलांची भेट आईला कोर्टाकडे मागता येऊ लागली. अट एकच, तिच्यावर व्यभिचार सिद्ध झालेला नसावा. आईच्या बाजूने उभा राहिलेला हा तिथला पहिला मोठा कायदा.

पण तिचं नशीब बघा. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता आणि जॉर्जने मुलं नेमकी स्कॉटलंडला ठेवली होती.

१८४२ मध्ये धाकटा विल्यम घोड्यावरून पडला. जखम चिघळली. आईला निरोप गेला, पण ती पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर कुठे जॉर्जने उरलेल्या दोन मुलांना आईकडे राहू द्यायला सुरुवात केली.

तरी पैशाचं भांडण संपलं नाही. जॉर्जने तिला वर्षाला ठराविक रक्कम द्यायचा लेखी करार केला आणि पुढे तो मोडला. १८५३ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, तर नवरा-बायकोमधला करार कायदा मानतच नाही असं निघालं. तिने पुन्हा लेखणी उचलली. १८५५ मध्ये तर थेट राणी व्हिक्टोरियालाच उद्देशून जाहीर पत्र छापलं.

१८५७ च्या घटस्फोट कायद्यात तिच्या मागण्यांचा ठसा स्पष्ट दिसतो. नवऱ्याने टाकलेल्या बाईला आपली कमाई आपल्याजवळ ठेवता येऊ लागली. कायद्याने वेगळी राहणारी बाई करार करू शकली, दावा लावू शकली.

गंमत म्हणजे कॅरोलाईन स्वतःला स्त्री-पुरुष समानतेची पुरस्कर्ती मानत नव्हती. तिने ते उघडपणे नाकारलं होतं. तिचं मागणं एवढंच होतं की दुबळ्याला कायद्याचं संरक्षण मिळावं. पण त्या मागण्यातून जे मिळालं, ते तिच्यानंतरच्या लाखो बायकांच्या कामी आलं.

१८७५ मध्ये जॉर्ज मेला, तेव्हा कुठे ती त्या लग्नातून सुटली. मार्च १८७७ मध्ये तिने आपल्या जुन्या मित्राशी, विल्यम स्टर्लिंग मॅक्सवेल यांच्याशी लग्न केलं. वय ६८, आणि १५ जूनला ती गेली. सुखाचा संसार जेमतेम तीन महिन्यांचा.

लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये न्यायदेवतेचं एक भित्तिचित्र आहे, डॅनियल मॅक्लीज या चित्रकाराने काढलेलं. त्या न्यायदेवतेसाठी त्याने चेहरा निवडला होता कॅरोलाईन नॉर्टनचा. ज्या लॉर्ड्सनी तिचं विधेयक एकदा फेटाळलं होतं, त्यांच्याच सभागृहात.