बुराडी घाटाचे दत्ताजी
कण्हेरखेडच्या राणोजी शिंदे यांच्या घराण्याने उत्तरेच्या सरहद्दीवर जवळजवळ एक पिढीच खर्ची घातली. थोरले जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला दगाफटक्याने मारले गेले आणि भार दत्ताजींवर आला. पंजाब साबाजींकडे सोपवून ते शुक्रताल येथे नजीबखानाशी झुंजत असता अब्दाली चालून आला. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर, यमुनेकाठी, ते पडले. त्यांचे अखेरचे उत्तर शाळकरी मुलांनाही पाठ असते. शुक्रतालची दमछाक मात्र क्वचितच कोणी सांगतो. पुतणे जनकोजी बुराडी घाटावर जखमी झाले, पुढे पानिपतानंतर मारले गेले. तुकोजीही पानिपतावरच पडले. उरले पायाने अधू झालेले महादजी. त्यांना पुत्र नव्हता. ग्वाल्हेरचे लष्कर वसवणारे दौलतराव हे तुकोजींचे नातू.