बुरशीचें कोडें : सर अलेक्झांडर फ्लेमिंग

पावसाळ्यांत चार दिवस झांकून राहिलेल्या भाकरीवर बुरशी आली, कीं आई ती नाक मुरडून बाहेर टाकते. आणि तिचें करणें योग्यच असतें. परंतु बुरशीच्याच कुळांतील एका जातीनें लक्षावधि रोग्यांचे प्राण वांचविले आहेत. ती न टाकतां निरखून पाहणारे गृहस्थ म्हणजे सर अलेक्झांडर फ्लेमिंग होत.

त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजीं स्कॉटलंडांतील डार्व्हेल गांवाजवळ एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. सातव्या वर्षीं पितृछत्र हरपलें. पुढें लंडनांत चार वर्षें जहाज कंपनीच्या कचेरींत कारकुनी केल्यावर एका काकांच्या मृत्युपत्रानें थोडा पैसा हातीं आला, व १९०१ सालीं ते सेंट मेरीज् रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयांत दाखल झाले.

पहिल्या महायुद्धांत बूलोन येथें त्यांना दिसून आलें, कीं खोल जखमेंत जंतुनाशक औषध ओतलें तरी जंतु तळाशीं सुरक्षित राहतात, आणि रोग्याचें रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र मरतात. रोग्यास न दुखवितां जंतूंस मारील असें कांहीं हवें होतें. १९२१ सालीं असा एक सौम्य पदार्थ त्यांना सांपडला, तो नाकांतील शेंबडांत! शब्द ओंगळ खरा; पण शास्त्राला ओंगळ असें कांहीं नसतें.

सप्टेंबर १९२८ मध्यें ते सुट्टीवरून परतले, तेव्हां जंतु वाढविण्याच्या कांचेच्या बशा मेजावर तशाच पडल्या होत्या. (त्यांचें मेज नीटनेटकें नसे; हा गुण मुलांनीं घेऊं नये.) एका बशींत बुरशी उगवली होती, आणि तिच्या सभोंवारचे पू करणारे जंतु विरघळून गेले होते. ही बुरशी आली कोठून? खिडकींतून, असें पुष्कळ दिवस सांगत. परंतु खालच्याच मजल्यावर ला तूश नांवाचे शास्त्रज्ञ बुरशींचा अभ्यास करीत. तेथूनच तिचे सूक्ष्म कण वर आले असावेत, हें अधिक संभवतें.

तिच्या रसाला फ्लेमिंग यांनीं पेनिसिलीन हें नांव दिलें व १९२९ सालीं शोध प्रसिद्ध केला. मात्र तो रस शुद्ध करणें त्यांना साधलें नाहीं. कोड्याचें उत्तर अर्धेंच राहिलें.

उरलेलें अर्धें उत्तर ऑक्सफर्ड येथें फ्लोरी, चेन आणि हीटली यांनीं शोधलें. २५ मे १९४० रोजीं त्यांनीं आठ उंदरांस प्राणघातक जंतु टोंचले व चौघांनाच औषध दिलें. सकाळपर्यंत औषध न मिळालेले चारही मेले होते. १९४१ च्या फेब्रुवारींत एका पोलीस शिपायाला तें देण्यांत आलें. त्याचा ताप उतरला, तो जेवूं लागला. आणि औषध संपलें. त्याच्या मूत्रांतून गाळून काढून तेंच पुन्हां दिलें, तरी पुरलें नाहीं. १५ मार्चला तो वारला. उपाय ठाऊक असूनहि हातीं नसावा, याहून वैद्याला दुःख तें कोणतें?

पुढें अमेरिकेंत बाजारांतल्या एका खरबुजावरील बुरशीनें उत्पादन पुष्कळ वाढविलें. १९४५ चें नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना मिळालें. त्यांत हीटली यांचें नांव नव्हतें, हें मनाला रुचत नाहीं. त्या प्रसंगींच्या व्याख्यानांत फ्लेमिंग यांनीं बजावलें, कीं औषध अपुरें घेतल्यास जंतु त्याला सरावतील. आणि तें खरें ठरलें.

११ मार्च १९५५ रोजीं ते लंडन येथें निवर्तले. त्याच्या आदल्याच वर्षीं आपल्याकडे, पुण्याजवळ पिंपरीस, पेनिसिलीन बनविण्यासाठीं सरकारी कारखाना स्थापन झाला होता.